दोन रंगांचा गुलाब एकरंगी झालाय? औषध आणायच्या आधी हे बघा

नर्सरीतून आणला तेव्हा क्रीम पाकळी आणि त्याला मस्त लाल काठ, पहिला बहर एकदम झकास, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या बहरापासून रंगच गायब. ही तक्रार माझ्याकडे दरवर्षी येते. झाडं बदलतात, बाल्कन्या बदलतात, कारणं मात्र तीच ती असतात. लोक आधी खत बदलतात, मग औषध आणतात, मग नर्सरीवाल्याला शिव्या घालतात, आणि बऱ्याचदा झाडाला रोग वगैरे काही झालेलाच नसतो, एकतर उघडं ऊन मिळत नसतं नाहीतर आपण इतके दिवस पाणी घालून जे वाढवतोय तो आपला गुलाब नसून त्याच्या खालचा जंगली खुंट असतो. म्हणून बाटली सगळ्यात शेवटी.

मी मुख्यतः डबल डिलाइट धरून लिहितेय कारण घरोघरी तोच असतो. कॅलिफोर्नियात स्विम आणि एलिस यांनी ग्रॅनडा आणि गार्डन पार्टी या दोन गुलाबांच्या संकरातून काढलेला, १९७७ साली बाजारात आला, १९८५ मध्ये जागतिक गुलाब महासंघाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि आज आपल्याकडे उरुळी कांचनच्या नर्सरीपासून रस्त्यावरच्या हातगाडीपर्यंत सगळीकडे मिळतो (किंवा त्याच्या नावाने काहीतरी मिळतं, त्याबद्दल पुढे). बाकीच्या दोन रंगी हायब्रीड टी (लांब देठावर एकेक मोठं फूल येणाऱ्या) गुलाबांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

आधी लक्षणं. तुमचं नेमकं काय होतंय?

- फूल मोठं येतंय, आकारही बरोबर, पण नुसतं क्रीम किंवा पांढरट, लाल काठ नाहीच किंवा अगदी पुसटसा.
- फूल पूर्ण वेगळंच. लहान, गुच्छात येणारं, पांढरं किंवा फिकं गुलाबी. किंवा फूलच नाही, नुसत्या सरळसोट लांब फांद्या वाढतायत आणि झाड एकदम जोमात दिसतंय.
- एका फांदीवर बरोबर दोन रंगांची फुलं आणि दुसऱ्या फांदीवर साधी.
- पाकळ्यांच्या कडा तपकिरी, जळाल्यासारख्या, कळी वाकडी किंवा अर्धी उघडून तशीच राहते.
- फूल लहान, पाकळ्या कमी, सकाळी उमललं की दुसऱ्या दिवशी मान टाकतं.
- नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या.
- फांदी शेंड्याकडून काळी-तपकिरी पडत खाली खाली येतेय. (असं असेल तर बाकीचं वाचत बसू नका, सरळ खाली 'थांबायचं कधी' वर जा, कारण यात वेळ महत्त्वाचा आहे.)

आता एकेक बघू. क्रम मुद्दाम असा लावलाय की आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं, आणि झाडाला त्रास होईल असं काही अगदी शेवटी.

१. एकाच फुलाकडे तीन-चार दिवस बघा

हसू नका. डबल डिलाइटची कळी उघडताना क्रीमच असते, कडेला जरासा लाल असतो, आणि ऊन लागेल तसा तो लाल पाकळीवर पसरत जातो, जुनं फूल तर कधी कधी जवळजवळ सगळंच लाल होतं. म्हणजे एकाच झाडावर एक फूल पांढरट आणि शेजारचं लालभडक दिसलं तर तो बिघाड नाही, त्यांची वयं वेगळी आहेत एवढंच. सकाळी पूजेसाठी अर्धी उमललेली फुलं तोडणाऱ्यांची "आमचा पांढराच येतो" ही तक्रार हमखास असते. एक फूल झाडावर राहू द्या, रोज एकाच वेळी मोबाईलवर फोटो काढा, आणि मग ठरवा.

२. ऊन, आणि ते कुठून गाळून येतंय

या गुलाबाचा लाल रंग उन्हातल्या अतिनील किरणांमुळे चढतो. हे लक्षात आलं की अर्धी कोडी सुटतात. पाकळीचा जो भाग दुसऱ्या पाकळीखाली झाकलेला असतो तो क्रीम राहतो, उघडा भाग लाल होतो, स्वतः एक फूल हातात घेऊन पाकळ्या सरकवून बघा. म्हणून नुसता 'उजेड' असून चालत नाही, ऊन थेट पाकळीवर पडावं लागतं.

आता आपल्या घरांमध्ये काय झालंय, बाल्कनीला स्लायडिंग काचा लावल्या, गच्चीवर पॉलिकार्बोनेटची शीट टाकली, कबुतरांसाठी जाळी, वर हिरवी शेडनेट. पॉलिकार्बोनेट शीट अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते, काचही बराच भाग अडवते. तुम्हाला आत लख्ख उजेड दिसतो, मोबाईलमधलं लाइट मोजणारं ॲपसुद्धा छान आकडा दाखवतं, पण रंग चढवणारा जो भाग आहे तोच बाहेर राहिलेला असतो. झाड जगतं, फुलतं, फूल मात्र फिक्कं. शीट टाकल्यानंतर रंग गेला असं कोणी सांगितलं की मी पुढे काही विचारतच नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. सुट्टीच्या दिवशी कुंडीजवळ हात धरा आणि सावली बघा, सावलीची कड स्पष्ट हवी. अशी स्पष्ट सावली दिवसातून किती तास पडते ते मोजा. पाच-सहा तास हवेत, त्यातलं सकाळचं ऊन सगळ्यात चांगलं. तीन तासांच्या खाली असेल तर या गुलाबाचा नाद सोडा आणि त्या जागी मोगरा-गोकर्णसुद्धा नको, सावलीतलं काहीतरी लावा, खरंच सांगते. ऊन आहे पण शीटखालून येतंय असं असेल तर एखादी कळी अजून घट्ट बंद असताना कुंडी उघड्यावर ठेवा. ती कळी उघड्या उन्हात उमलली आणि तिला लाल काठ आला तर निदान झालं, संपला विषय, एक रुपया खर्च नाही. फक्त सावलीत वाढलेलं झाड एप्रिल-मेच्या दुपारी एकदम गच्चीवर नेऊन ठेवू नका, पानं भाजतात, आठवडाभर हळूहळू सरकवत न्या.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकण-गोव्याकडे, आठवडेच्या आठवडे ढग असतात तेव्हा फुलं फिकी येणारच. त्यावर उपाय नाही आणि गरजही नाही, ऊन पडायला लागलं की आपोआप ठीक होतं.

३. फांदी नेमकी कुठून आलीय

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक नेमकी हीच करत नाहीत, कारण सगळ्यांचं लक्ष फुलाकडे असतं आणि उत्तर मातीजवळ असतं.

नर्सरीतला हायब्रीड टी गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली मुळांसाठी जंगली गुलाबाचा खुंट, आपल्याकडे इंडिका किंवा मल्टिफ्लोरा, उत्तरेकडून आलेल्या झाडांना एडवर्ड, आणि त्यावर डबल डिलाइटचा डोळा भरलेला, म्हणजे त्याच्या फांदीवरचा एक कोंब सालीसकट काढून खुंटावर कलम केलेला. तो डोळा जिथे बसवला तिथे बुंध्याला एक फुगीर गाठ किंवा कोपरा दिसतो, नवीन झाड असेल तर तिथे कधी कधी प्लास्टिकची पट्टीसुद्धा तशीच असते. (ती पट्टी अजून असेल तर आजच ब्लेडने उभी कापून काढा, बुंधा जाड झाला की ती त्यात रुतते.)

त्या जोडाच्या वरून फुटलेली प्रत्येक फांदी तुमच्या गुलाबाची. जोडाच्या खालून किंवा मातीतून फुटलेली फांदी खुंटाची. खुंट मुळात दणकट, त्याची फूट इतक्या जोरात वाढते की लोक खूश होतात, "काय वाढलंय झाड!" आणि वरचा नाजूक गुलाब उपाशी राहून मरतो, सहा-आठ महिन्यांनी कुंडीत फक्त जंगली गुलाब उरतो. मग फूल बदललं म्हणून खताला दोष. फूल बदललेलं नसतं हो, झाड बदललेलं असतं.

कसं बघायचं: कुंडीतली वरची माती बोटांनी बाजूला करा, बुंध्यावरून बोट खाली नेत जोड शोधा, मग संशय असलेल्या फांदीचं मूळ कुठे आहे ते बघा. जोड मातीत खोल गाडलेला असेल तर माती कमी करून तो इंच-दोन इंच वर उघडा राहील असं करा. थंड देशांतल्या व्हिडिओत जोड मातीखाली गाडायला सांगतात, ते तिकडच्या बर्फासाठी, आपल्याकडे त्याने फक्त खुंटाची फूट लपून राहते.

इथे एक गैरसमज सांगून टाकते, "पाच पानांचा असेल तर खरा, सात पानांचा असेल तर जंगली." यावर विसंबून कात्री चालवू नका. हायब्रीड टीलाही जोमदार फांदीवर एकेका देठाला सात पानं येतात. त्यापेक्षा हे बघा: डबल डिलाइटची नवी पालवी तांबूस असते, मल्टिफ्लोराची फिकट हिरवी. मल्टिफ्लोराच्या पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना केसांसारखी झालर असते, ती हायब्रीड टीला नसते. ही झालर एकदा ओळखायला शिकलात की आयुष्यभर कामाला येते. पण शेवटचा निकाल नेहमी फांदी कुठून फुटली यावरच.

आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, जोडाच्या अगदी वरून कधी कधी जाडजूड, लालसर, रसरशीत फूट येते, लोक तिला जंगली समजून कापतात! ती तर पुढच्या दोन-तीन वर्षांची मुख्य फांदी, तिला हात लावायचा नाही.

खुंटाची फूट काढायची कशी? मातीच्या वर सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापलीत तर खाली डोळे तसेच राहतात आणि एकाच्या जागी तीन फुटतात. आदल्या दिवशी पाणी द्या, माती बाजूला करून ती जिथून निघालीय तिथपर्यंत जा, एका हाताने बुंधा घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने ती फूट खालच्या दिशेने ओढून मुळासकट उपटा. पेन्सिलपेक्षा जाड झाली असेल तर ओढू नका, बुंध्याची साल सोलून निघेल, धारदार चाकूने अगदी बुंध्यालगत कापून तिथला उंचवटाही खरवडा आणि वर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. नंतर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा, कारण खुंट हट्टी असतो.

अमेरिकेत असलेल्यांसाठी एक ओळ, तिकडे खुंट बहुतेक वेळा डॉक्टर ह्यूई नावाचा असतो आणि त्याची फुलं गडद लाल येतात. म्हणजे तिकडे "माझा दोन रंगी गुलाब अचानक पूर्ण लाल झाला" याचा अर्थ आधी हाच घ्यायचा.

४. तुमच्याकडे आहे ते नक्की डबल डिलाइटच आहे ना

फोटोचा टॅग झाडाला अडकवला म्हणजे जात ठरत नाही. सगळ्यात सोपी परीक्षा नाकाने. डबल डिलाइटला दाट, जरा मसालेदार वास असतो, सकाळी उमललेल्या फुलाला नाक लावलं आणि काहीच वास नाही असं झालं तर बहुतेक दुसरीच जात आहे. मग तिच्या रंगाचे नियमही वेगळे. काही जातींत पाकळीची आतली बाजू एका रंगाची आणि मागची दुसऱ्या रंगाची असते, तिथे उन्हाने काठ चढण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

एकाच झाडावर एक फांदी बरोबर आणि एक साधी, आणि दोन्ही जोडाच्या वरूनच आल्यात, असं असेल तर जात कुठली हे महत्त्वाचं. काही दोन रंगी गुलाब हे दुसऱ्या गुलाबाच्या एखाद्या फांदीत झालेल्या बदलातून आलेले असतात, जसा क्रोनेनबर्ग हा पीस या गुलाबातून आला, आणि आपल्या दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पट्ट्यापट्ट्यांचा अभिसारिका हासुद्धा असाच म्यूटेशनमधला. अशा झाडाची एखादी फांदी परत मूळ रंगावर जाऊ शकते. ती फांदी जिथून निघते तिथपर्यंत खाली कापायची, नाहीतर तीच जोर धरते. डबल डिलाइट मात्र बियांतून आलेला संकर आहे, तो असा 'मूळ रंगावर' जात नाही, म्हणून त्याच्या बाबतीत पुन्हा तपासणी दोन आणि तीन कडेच वळा.

शिवाय 'एका झाडात दोन रंग' म्हणून विकतात त्या कुंडीत एका खुंटावर दोन वेगवेगळ्या गुलाबांचे डोळे भरलेले असतात. त्यातला दणकट तो कमजोराला खातो. दणकट बाजू जास्त छाटत राहणं एवढाच उपाय. आणि ऑनलाइन इंद्रधनुषी गुलाबाच्या बिया घेतल्या असतील तर त्याबद्दल काय बोलू, तसा गुलाब नसतोच, फोटोतलं फूल रंगाच्या पाण्यात देठ बुडवून केलेलं असतं.

५. महिना कुठला आहे

मे महिन्यात पुण्यातसुद्धा फूल लहान, पाकळ्या कमी आणि दोन दिवसांत खल्लास. नागपूर-चंद्रपूरकडे तर झाड जगलं तरी पुष्कळ. कडक उन्हात लाल रंग विटतो आणि पाकळ्या करपतात, ते अतिनील किरणांचं गणित वेगळं आणि हे भाजणं वेगळं. तेव्हा दुपारी बारा ते चार सावली, सकाळचं ऊन चालू, कळ्या खुडून झाडाला आराम, बस. उन्हाळ्यातल्या फुलावरून झाडाची परीक्षा करू नये.

खरी परीक्षा हिवाळ्यात. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी, चार-पाच चांगल्या फांद्या ठेवून दीड-दोन फुटांवर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप, वाळलेलं आणि आतल्या बाजूला गर्दी करणारं सगळं काढून. तिथून साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलं. थंड रात्री आणि कोरडं ऊन, तेव्हा याचा रंग बघावा. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात गेलात तर गुलाबांची टेबलं बघा, आपला गुलाब कुठवर जाऊ शकतो ते कळतं. छाटणीच केली नसेल तर लांबट बारीक फांद्या आणि त्यांच्या टोकाला फिकट फुलं, हे ठरलेलंच.

६. पांढरा कागद

कडा तपकिरी आणि कळ्या वाकड्या असतील तर फुलाखाली पांढरा कागद धरून फूल टिचकीने झटका. बारीक, लांबट, पिवळसर-तपकिरी काहीतरी कागदावर चालायला लागलं तर ते फुलकिडे. ते पाकळ्या खरवडून रस घेतात आणि फिक्या रंगाच्या पाकळीवर डाग जास्त उठून दिसतो, म्हणून दोन रंगी गुलाबावर त्यांचा त्रास जास्त वाटतो.

आधी लागण झालेली फुलं-कळ्या सगळ्या काढून पिशवीत बंद करून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. मग निळा चिकट सापळा कुंडीजवळ. मग निमतेल, दहा हजार पीपीएमचं असेल तर लिटरला दोन-तीन मिली, थोडा लिक्विड सोप टाकून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने. एवढं करून फरक नाही तरच स्पिनोसॅड हे कीटकनाशक, तेही लेबलवर लिहिलंय तेवढंच आणि सूर्यास्तानंतर, मधमाश्या घरी गेल्यावर. घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रा असेल आणि बाल्कनी बंद असेल तर रासायनिक औषध नकोच.

पानांवर पांढरी पावडर असेल तर ती भुरी, थंडीत येते, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. पण कडक उन्हाळ्यात गंधक नको आणि निमतेल मारल्यावर दोन आठवडे तरी नको, पानं जळतात. काळे गोल ठिपके आणि पान पिवळं पडून गळणं, हे पावसाळ्याचं, पडलेली पानं उचला आणि पाणी पानांवर नको, मुळाशी. या दोघांचा रंगाशी थेट संबंध नाही, झाड अशक्त होतं एवढाच.

७. पाणी

पुण्याच्या कितीतरी सोसायट्यांत वापरायचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं असतं, जड, क्षारांचं. त्यात भर म्हणजे 'पाणी वाया जायला नको' म्हणून आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी लोक झाडांना घालतात. पाण्यातले काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात! फरशी पुसायला वापरा, गुलाबाला नको. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं.

खूण म्हणजे कुंडीच्या कडेला पांढरा थर, आणि नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या. लोह मातीत असतं पण मातीचा सामू (पीएच) वाढल्यामुळे मुळांना घेता येत नाही. गुलाबाला सामू ६ ते ६.५ च्या आसपास आवडतो. उपाय आधी स्वस्तातला: चांगलं पाणी भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत, कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट, म्हणजे क्षार धुऊन जातात. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनं. मग चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं), पण घेताना ईडीडीएचए प्रकारातलं मागा, साधं ईडीटीए जड पाण्याच्या मातीत फार टिकत नाही. जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर ते लोह नाही, नत्र कमी किंवा पाणी जास्त.

८. खत (बहुतेक वेळा कमी करायचं)

लाल रंग खताने येत नाही. बीटाचं पाणी घालून पाकळी लाल होत नाही, केळ्याच्या सालीच्या पाण्याने काठ उमटत नाही, कांद्याच्या सालींनीही नाही, आणि चहाचा चोथा साखर-दुधासकट टाकलात तर फक्त मुंग्या येतात. नत्र जास्त झालं तर पानं मोठी, गर्द हिरवी, फांद्या लुसलुशीत, फुलं कमी, आणि मावा खूश. असं दिसत असेल तर महिनाभर काहीच देऊ नका. एरवी बारा-चौदा इंची कुंडीला पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत आणि मधून मधून थोडी निंबोळी पेंड पुरते, एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं रासायनिक खत) द्यायचंच असेल तर लिटरला एक-दोन ग्रॅम, ओल्या मातीत.

९. कुंडी उलटी करून मुळं बघणं

हे शेवटी, कारण यात झाडाला खरंच त्रास होतो, आणि हे ऑक्टोबर ते जानेवारीतच करायचं. पण वरचं सगळं नीट असूनही झाड खुरटलेलं असेल तर करावं लागतं. आपल्या नर्सऱ्यांतली झाडं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतात, तो गोळा तसाच नवीन मातीत ठेवला की पाणी बाजूच्या भुसभुशीत मातीतून निघून जातं आणि गोळा आत दगडासारखा कोरडा. दिसायला कुंडी ओली, झाड तहानलेलं. गोळा पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून ठेवा आणि बाहेरची चिकणमाती हळूहळू धुऊन काढा, सगळी नाही, मुळं न तुटता निघेल तेवढीच. मग लाल माती, जुनं शेणखत आणि कोकोपीट, साधारण सारख्या मापात, वर थोडं परलाइट. जोड मातीच्या वर. आठवडाभर अर्धवट सावली.

मुळं पांढरी-करडी आणि टणक असतील तर छान. काळी, बुळबुळीत आणि वास मारणारी असतील तर मूळकूज, कुंडीचं खालचं भोक बुजलं होतं का बघा, कुजलेली मुळं कापून नव्या मातीत लावा.

थांबायचं कधी आणि कुणाला बोलवायचं

फांदी शेंड्याकडून काळी पडत येतेय, तर तो शेंडेमर रोग. स्पिरिटने पुसलेल्या सिकेटरने काळ्या भागाच्या दोन इंच खाली कापा आणि कापलेल्या तोंडात बघा, आतला गर पांढरा-हिरवा हवा. तपकिरी असेल तर अजून खाली. प्रत्येक कापानंतर सिकेटर परत पुसा, शेवटी बोर्डो पेस्ट. पण कापत कापत जोडापर्यंत आलात आणि गर अजून तपकिरीच, तर तुमचं काम संपलं. झाड गेलं. त्यावर महागडी बुरशीनाशकं ओतू नका.

बुंध्यावर किंवा मुळांवर फुलकोबीसारखी खडबडीत गाठ असेल तर तो जिवाणूमुळे होणारा रोग, घरी बरा होत नाही, झाड मातीसकट टाका आणि त्या कुंडीतली माती दुसऱ्या गुलाबाला वापरू नका. पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा असतील तर विषाणू, त्यालाही औषध नाही, फक्त त्या झाडावरून डोळे किंवा काड्या घेऊ नका.

सगळं तपासून झालं, दोन-तीन झाडांना एकाच वेळी तोच त्रास होतोय आणि पाणी-मातीवरच संशय आहे, तर अंदाजाने पावडरी टाकत बसण्यापेक्षा माती आणि पाणी तपासून घ्या. पुण्यात शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय आहे, बारामती आणि नारायणगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, बाकी जिल्ह्यांतही आहेत. जाताना पिशवीत ताजी आजारी फांदी, पानांसकट, आणि मूठभर माती न्या, मोबाईलमधल्या फोटोवर कुणी नीट सांगू शकत नाही. फोनवरच विचारायचं तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

आणि एक काम असं आहे जे स्वतः करण्यापेक्षा जाणकाराकडून करून घेणंच बरं. खुंट जोरात आहे आणि वरचा डबल डिलाइट एका काडीवर आलाय, अशी परिस्थिती असेल तर झाड फेकू नका. डोळे भरता येणारा माळी शोधा, जवळच्या नर्सरीत असतोच. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम, तेव्हा खुंटाची साल सहज सुटते. यासाठी खुंटाची एक निरोगी फूट मुद्दाम राखून ठेवावी लागते, म्हणून तपासणी तीनमध्ये सगळ्या फुटी उपटायच्या आधी वरच्या गुलाबाची तब्येत बघून घ्या. डोळा मात्र ज्या काडीवर तुम्ही स्वतः नीट दोन रंगांचं फूल बघितलंय तिचाच द्या, ते फूल कोमेजल्यावर लगेच, आणि माळ्याला एकाऐवजी दोन डोळे भरायला सांगा, एक नाही धरला तर दुसरा धरतो. तीन-चार आठवड्यांत डोळा हिरवा राहून फुगायला लागला की धरला, आणि काळा पडला तर हंगाम संपायच्या आत त्यालाच परत बोलवा.